सभेआधीची पाटोडी

भिवापूरच्या नव्या मिरचीचं पोतं ओसरीत येऊन पडलं, की नागपूरच्या तांडापेठेतल्या बायका समजायच्या, कौशल्याबाईंकडे वर्षाचं तिखट होणार. आणि मिरचीची देठं खुडताना कौशल्याबाई गुणगुणायला लागल्या, की समजायचं, दिल्लीची, म्हणजे लोकसभेची, निवडणूक आली आणि ताराचंद पौनीकर उभे राहणार.

यंदा मिरची आली, निवडणूक आली, ताराचंद उभेही राहणार होते. पण कौशल्याबाई गप्प होत्या. एक देठ खुडायचं आणि फोनकडे पाहायचं, असं सकाळपासून चाललं होतं. कारण सकाळीच ताराचंदांच्या बायकोचा, रुख्मिणीचा, फोन येऊन गेला होता.

"ताई, मी रुख्मिणी बोलून राहिली."

"बोल वं. भाऊजींची तब्येत कशी आहे?"

"तब्येतीसाठीच फोन केला. पोटाचं ऑपरेशन झालं ते तर तुम्हाले मालूमच आहे. डॉक्टरनं सांगितलं, तिखट बंद. जन्मभर बंद."

"हो का!"

"हो. आणि हे निवडणुकीचा फार्म भरून राहिले. फार्म भरायच्या आधी कोणाच्या घरी जेवतात ते मी तुम्हाले सांगू का? तुमच्या एका वाटीपायी मी माणूस घालवू काय, ताई? माझ्या कुंकवाची शपथ आहे तुम्हाले. तिखटाचा एक कणही नको."

कौशल्याबाईंनी शपथ घेतली. फोन ठेवून त्या उठतात न उठतात तोच तो पुन्हा वाजला. या वेळी खुद्द ताराचंद.

"वहिनी, रुख्मिणीचा फोन येऊन गेला ना? तिचं काही ऐकू नका. ही माझी शेवटची निवडणूक आहे. नेहमीसारखीच पाटोडी करा. थोडं जास्तच टाका."

"अहो, पण ऑपरेशन..."

"ऑपरेशन होत राहते हो. निवडणूक पुन्हा येणार नाही."

तेव्हापासून कौशल्याबाईंच्या हातात देठ होतं आणि डोळे फोनकडे होते.

पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या. त्या शिजवून, थापून, शंकरपाळ्यासारख्या कापायच्या आणि लालभडक रश्श्यात सोडायच्या. रश्श्यात खसखस, जवस, दगडफूल, लवंग, मिरे, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली मिरची. विणकरांच्या घरचं जेवण असंच असायचं. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला संध्याकाळी जिभेवर काहीतरी पेटल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नसे. आता माग गेले. कौशल्याबाईंचा मुलगाच कोराडीच्या वीज केंद्रात होता आणि माग होता त्या खोलीत आता त्याची मोटारसायकल उभी राहायची. पण तिखट तेवढं राहिलं. कोणाला तिखट सोसत नाही, असं म्हणायची तांडापेठेत सोय नव्हती. तसं म्हणणाऱ्याची सोयरीक जुळताना माणसं दोनदा चौकशी करत.

ताराचंदांची पहिली निवडणूक नव्वदच्या आसपासची. विणकराचा मुलगा, मागावरून उठून वकील झालेला, अंगाने काटकुळा आणि बोलायला उभा राहिला की पाय थरथरणारा. पक्षाने तिकीट दिलं ते दुसरं कोणी मागितलं नाही म्हणून. समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी पसरवून दिलं, 'हा आता आपला राहिला नाही. साहेब झाला. आपल्या हातचं खातही नाही.' तेव्हा कौशल्याबाईंचे यजमान अनंतराव, ताराचंदांचे लहानपणापासूनचे दोस्त, म्हणाले, "खात नाही म्हणतात काय? चल, माझ्या ओसरीत बस आणि सगळ्यांसमोर खा. मग चौकात सभा घेऊ."

त्या दिवशी गल्ली ओसरीपुढे लोटली होती. घरी उमेदवार जेवायला आल्याच्या हुरुपाने कौशल्याबाईंनी मिरची सढळ हाताने घातली होती. ताराचंदांनी एक वाटी संपवली. लोक म्हणाले, "आणखी!" त्यांनी दुसरीही संपवली, हसत हसत. मग "हात धुऊन येतो" म्हणून ते मागच्या अंगणात गेले.

कौशल्याबाई टॉवेल घेऊन मागून गेल्या, तर काय! नळ धो धो सोडलेला, होणारे खासदार वाकून जीभ बाहेर काढून नळाखाली उभे, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचताहेत.

"भाऊजी!"

"वहिनी," नळाखालूनच आवाज आला, "कोनाले सांगू नका. मले तिखट चालत नाही. लहानपणापासून नाही. माय चोरून वड्या पाण्यात धुऊन द्यायची मले. बाबाले मरेपर्यंत मालूम नव्हतं."

कौशल्याबाईंनी त्यांना गुळाचा खडा दिला. पण गूळ विरघळायच्या आत लोकांनी त्यांना उचलून चौकातल्या मंचावर नेलं होतं.

ताराचंद माइकसमोर उभे राहिले. हातात भाषणाचा कागद होता, पण डोळ्यांतून अशा धारा लागल्या होत्या की कागदावर काय आहे ते दिसेना. नाक लाल. ओठ थरथरत होते. त्यांनी कागद खिशात घातला आणि म्हणाले, "तुमच्यासाठी... मी... तुमच्यासाठी..." त्यापुढे घशातून आवाजच निघेना. चौक चिडीचूप झाला. मग बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मग पुरुष हुंदके देऊ लागले. गल्लीतले दादाजी हेडाऊ, ज्यांनी सख्ख्या भावालाही कधी चांगलं म्हटलं नव्हतं, त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पारशिवनीपासून भिवापूरपर्यंत एकच गोष्ट पोचली, 'विणकरांसाठी ढसाढसा रडला हो माणूस!'

ताराचंद निवडून आले. आणि पाटोडीचा रिवाज पडला.

दुसऱ्या निवडणुकीत पाटोडी झाली, नळ झाला, रडणं झालं, ताराचंद जिंकले. तिसऱ्या वेळी कौशल्याबाई लेकीच्या बाळंतपणाला पारशिवनीत अडकल्या होत्या. पाटोडी धाकट्या जावेने केली. तिला पाहुण्याची दया आली आणि तिने हात आखडता घेतला. ताराचंद कोरड्या डोळ्यांनी मंचावर चढले, दिल्लीत सुताच्या भावावर काय काय प्रश्न विचारले ते त्यांनी मुद्देसूद सांगितलं, आणि ते सपाटून पडले. चौथ्या वेळी त्यांनी पक्षाच्या तिकिटाची चौकशी नंतर केली, आधी वहिनी नागपुरात आहेत ना ते विचारून घेतलं. जिंकले. पाचव्या वेळी पक्षाने तिकीट नाकारलं म्हणून बादली चिन्हावर अपक्ष उभे राहिले, यथास्थित रडले, आणि तरी पडले. ते कोणी बादलीवर ढकललं, कोणी नशिबावर. कौशल्याबाईंना खरं कारण ठाऊक होतं. त्या वर्षी अवकाळी पावसात मिरची भिजली होती.

एवढ्या वर्षांत त्यांनी नळाची गोष्ट कोणाला सांगितली नाही. अनंतरावांनाही नाही. ते वारले तेव्हा ताराचंद चारचौघांत उघडउघड रडले होते. ते रडणं मात्र मिरचीशिवायचं होतं.

"आजी, अशी काहून बसली वं?" उन्नती कॉलेजातून येऊन पायरीवर बसली. कौशल्याबाईंची ही नात वीस वर्षांची होती आणि तिच्यापुढे काही लपत नसे. त्या दिवशी कौशल्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नळाची गोष्ट सांगून टाकली. उन्नती हसून हसून पायरीवरून घसरली.

"हसू नको. टाकलं तर तो माणूस दवाखान्यात, नाही टाकलं तर पडतो. आणि ही त्याची शेवटची."

"आजी, लोक काय रडणं पाहून मत देतात का?"

"तू तेव्हा जन्मली नव्हती. मी पाहिलं आहे."

उन्नतीने डोळे पुसले. "मग असं कर. लाल सिमला मिरची वाटून घाल. रंग तोच, तिखट काहीच नाही. मी आणून देतो."

नागपूरच्या पोरी 'देतो' म्हणतात, त्याचं कौशल्याबाईंना काही वाटलं नाही. त्यांना सिमला मिरचीचं वाटलं. त्यांची नजर पाटोडीच्या मोठ्या पातेल्याकडे, गंजाकडे, गेली. "आपल्या गंजात सिमला मिरची? अनंतरावांच्या घरात?"

"गंज वेगळा घे."

कौशल्याबाई उठल्या आणि त्यांनी देवापुढे दिवा लावला, पण देवाला काही विचारलं नाही. चुलीपाशी उभं राहून त्यांनी मनाशी एकच हिशेब मांडला. निवडणूक हरलेला माणूस संध्याकाळी निदान आपल्या घरी येऊन जेवतो. रुख्मिणीचा नवरा घरी यायला हवा.

"आण," त्या म्हणाल्या. "आणि एक कांदाही निवडून ठेव. झोंबरा पाहिजे."

फॉर्म भरायच्या दिवशी ओसरी पुन्हा भरली. मार्चचं ऊन सकाळीच चटके देत होतं. आत चुलीवर दोन गंज होते. मोठा गंज गल्लीसाठी, खरा. लहान गंज एकट्या ताराचंदांसाठी, खोटा. रंगाने दोन्ही सख्खे भाऊ.

ताराचंद आले. केस पांढरे झालेले, ऑपरेशननंतर सदरा खांद्यावरून ओघळत होता. मागे रुख्मिणी पोलिसासारखी.

"वहिनी," ते पाटावर बसताना हळूच म्हणाले, "टाकलं ना?"

"जेवा तुम्ही."

त्यांनी पहिला घास डोळे मिटून घेतला, जसा नेहमी घ्यायचे. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. मग वाटीत पाहिलं, कौशल्याबाईंकडे पाहिलं, रुख्मिणीकडे पाहिलं. दोघी बायका छताकडे पाहत होत्या. ताराचंदांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वाटी संपवली.

"आणखी!" लोक रिवाजाप्रमाणे ओरडले.

"आणखी द्या," ताराचंद म्हणाले, आणि या वेळी आवाजात काहीतरी वेगळं होतं. ते दुसरी वाटी जेवले, मग तिसरी. बोटं चाटली. "वहिनी, ह्याच्यात जवस असते काय हो? एवढ्या वर्षांत मले पत्ताच नव्हता."

हात धुवायला ते मागच्या अंगणात गेले. नळ सावकाश उघडला, हात धुतले, बंद केला. कौशल्याबाईंनी टॉवेल दिला.

"वहिनी, आता मी रडू कसा?"

"हा रुमाल घ्या." त्यांनी घडी केलेला रुमाल त्यांच्या हातात कोंबला. "आत अर्धा कांदा आहे. वेळ आली की डोळ्यांले लावा. आणि माह्यावर रागावू नका."

ताराचंदांनी रुमाल खिशात घातला. कौशल्याबाई परत स्वयंपाकघरात आल्या आणि हातात पळी तशीच धरून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तिथून मंच सरळ दिसत असे.

चौक तुडुंब होता. पुढच्या रांगेत दादाजी हेडाऊ, आता नव्वदीला टेकलेले, काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. बायकांनी पदर हातात घेऊन ठेवले होते. तरण्या पोरांनी मोबाइल वर धरले होते, कारण त्यांनी पौनीकर काकाजींचं रडणं फक्त ऐकलेलं होतं.

ताराचंद माइकसमोर उभे राहिले.

"तुमच्यासाठी," ते म्हणाले आणि थांबले. चौक वाट पाहत होता. डोळे कोरडे ठणठणीत. "मी तुमच्यासाठी..." पुन्हा थांबले. गर्दीत कोणीतरी खोकलं. मग त्यांनी खिशात हात घालून रुमाल काढला आणि डोळ्यांकडे नेला. आयुष्यभर त्यांना रडायची कधी तयारी करावी लागली नव्हती, त्यामुळे हाताला सवय नव्हती. रुमाल उलगडला. कांदा सुटला, मंचाच्या फळीवर टप्पकन पडला, घरंगळत काठापर्यंत आला, खाली पडला, आणि थेट दादाजींच्या काठीला जाऊन टेकला.

दादाजींनी वाकून तो उचलला. नाकाशी नेला.

"काहून गा ताराचंद," ते म्हणाले. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता, पण चौक इतका गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेला. "भाजी कापाले आला का भाषण द्याले?"

दारात कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं, त्यांना वाटलं. सगळं आपल्या हातून झालं.

"दादाजी, खरं सांगतो," माइकमधून आवाज आला. "आज पाटोडी तिखट नव्हती."

चौकातली सगळी डोकी एकदम दाराकडे वळली. तांडापेठेत एखाद्या बाईबद्दल इतकं वाईट आजवर कोणी माइकवरून बोललं नव्हतं.

"थांबा, थांबा! वहिनीकडे पाहू नका. त्यांनी माह्यासाठी अलग गंज चढवला. काहून का मले तिखट चालत नाही. आता ऑपरेशन झालं म्हणून नाही. जन्मापासून चालत नाही. तुम्ही मले रडताना पाहिलं, ते तुमच्यासाठी नव्हतं. मिरचीपायी होतं. आज पहिल्यांदा मी वहिनीच्या हातची भाजी चाखली. आतापर्यंत नुसती गिळत होतो." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "मत द्या, नका देऊ. पण आता मी खोटं रडणार नाही."

मग बायकांच्या बाजूने सखूबाई उठल्या. त्यांचं घर कौशल्याबाईंच्या मागच्या भिंतीला लागून होतं.

"अहो खासदार साहेब! हे तर आमाले पहिल्या दिवसापासून मालूम आहे!"

"काय?" ताराचंद म्हणाले.

"काय?" दारातून कौशल्याबाई म्हणाल्या.

"भिंत केवढीशी आहे ते पाहा ना! नळाखाली जीभ काढून कोण नाचत होतं? आमच्या घरातले सगळे स्टुलावर चढून पाहत होते. सासूबाई तर पाहुण्यांना बोलवत होत्या!"

चौकात हशा पिकला तो थांबेना. "आम्हीही पाहिलं!" कोणी ओरडलं. "आमच्या गच्चीवरून तर साफ दिसते!" दुसरं कोणी.

"मग मले मतं काहून दिली गा?" ताराचंदांनी माइक सोडून नुसतंच ओरडून विचारलं.

दादाजींनी काठी आपटून हशा थांबवला. "बाकीचे उमेदवार गाडीतूनच हात जोडून जात होते. तू एक होता, ज्याले चालत नव्हतं तरी आमच्या ओसरीत बसून आमची आग गिळत होता. आम्ही म्हणलं, हा पोट्टा आमच्यासाठी एवढं सोसते, तर दिल्लीतही थोडंफार सोशील."

"आणि तिसऱ्या वेळी?" दारातून कौशल्याबाईंनी न राहवून विचारलं. हा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षं उराशी धरला होता.

"त्या वेळी डोळे कोरडे," सखूबाई म्हणाल्या. "आमाले वाटलं, साहेब झाला. नुसतं खाल्ल्यासारखं करून उठला."

"आणि बादलीच्या वेळी? तेव्हा तर रडले होते!"

"बादली आवडली नाही वं कोनाले," दादाजी म्हणाले.

कौशल्याबाई पळी घेऊन चौकात उतरल्या होत्या, हे त्यांच्या आता लक्षात आलं. "सगळ्यांले मालूम होतं, तर मले काहून नाही सांगितलं? मी नवऱ्यापासून लपवलं हो हे!"

"अनंतरावांनीच तर आमाले स्टूल दिला होता," सखूबाई म्हणाल्या.

मंचावर ताराचंद हसत होते, इतके की रुख्मिणीने पोट धरायला लावलं, टाके उसवतील म्हणून. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाहून पोरांनी मोबाइल पुन्हा वर धरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौशल्याबाईंच्या मागच्या दारावर काठी वाजली. दादाजी हेडाऊ, हातात पितळेचा डबा.

"काल त्या लहान गंजातलं काही उरलं असेल तर दे. नातवासाठी पाहिजे."

"नातू तर पुण्यात आहे ना तुमचा?"

दादाजींनी इकडेतिकडे पाहिलं. "दहा वर्षं झाली वं कौशल्या, रात्रभर छातीत जळते. बोलू कोणाले? तू भर डबा."

संध्याकाळी आणखी एक जण आले. मग सखूबाईंचे यजमान, भिंतीवरूनच वाटी पुढे करून. गल्लोगल्लीचा प्रचार, चौकाचौकातल्या सभा सगळं होत राहिलं, ताराचंद जागोजागी कांद्याची गोष्ट स्वतःच सांगत राहिले आणि लोक हसत राहिले. इकडे मागच्या दाराशी म्हाताऱ्यांची रांग रोज थोडी लांबत गेली. कौशल्याबाईंना निकालाची धास्ती उरली नाही. रांगेत समोरच्या पक्षाचेही दोघेतिघे होते आणि वाटी घेताना ते त्यांची नजर चुकवत होते.

निकाल लागला त्या दिवशी, हारांनी मान झाकलेले ताराचंद थेट ओसरीत येऊन पाटावर बसले. मताधिक्य फार नव्हतं, पण होतं. "वहिनी," ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "लहान गंजातली!"

"मलेही तेच," दादाजी म्हणाले. "मलेही," भिंतीपलीकडून आवाज आला.

सगळे गेल्यावर उन्नती भांडी आवरायला आत आली. मोठा गंज अर्ध्याहून अधिक भरलेला होता. लहान गंज घासल्यासारखा रिकामा.

"आजी, तुझं जेवण? थांब, दही-भात कालवतो. दर पाटोडीला दात दुखतात ना तुझे?"

"दातांले काय झालं?" कौशल्याबाई म्हणाल्या. फोडणीच्या डब्यामागे झाकून ठेवलेली लहान गंजातली वाटी त्यांनी बाहेर काढली, भाकरी कुस्करली, आणि कितीतरी वर्षांनी आपल्याच हातची पाटोडी सावकाश, चव घेत, पोटभर खाल्ली.